शेषरावभाऊंचं थांबणं

शेषरावभाऊंवर मी याआधी दोनदा लिहिलं आहे. एकदा आमच्या नगरपरिषदेच्या स्मरणिकेत, आणि एकदा ते गेल्यावर अमरावतीच्या एका पेपरात. दोन्ही लेखांत खोटं असं काही नाही. साधेपणा, सचोटी, लोकसंग्रह, सगळं जागच्या जागी आहे. फक्त ज्या गोष्टीमुळे ते मला रोज आठवतात, ती दोन्हीकडे नाही. लोक भेटतात, म्हणतात, "प्रभाकरराव, भाऊंबद्दल सविस्तर तुम्हीच लिहायला पाहिजे. तुमच्याइतकं त्यांच्या जवळचं कोण होतं?" मी मान हलवतो आणि विषय कापसाच्या भावावर नेतो. बरीच वर्षं नेला. आता माझी बायको गेली, गुडघे गेले, आणि कापसाच्या भावाशी मला काही देणंघेणं उरलं नाही.

आमचं गाव अमरावती आणि अकोल्याच्या मधे आहे. नाव लिहीत नाही. भाऊ तिथे नगराध्यक्ष होते आणि मी उपाध्यक्ष.

आमचं सभागृह म्हणजे जुन्या जिनिंगचं गोदाम. नगरपरिषदेने ते घेऊन रंग दिला, मंच बांधला, टेबलं मांडली, पण गोदामाचं गोदामपण काही गेलं नाही. छत इतकं उंच की पंखे लांब दांड्यांना लटकवलेले, आणि त्यांचा वारा खाली पोचेपर्यंत कोमट व्हायचा. वर कौलांखाली लहान खिडक्यांची रांग होती. दुपारी तिथून उन्हाचे तिरपे पट्टे उतरत आणि हळूहळू एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत. बाजूला एक जिनिंग अजून चालू होती. हिवाळ्यात तिकडचा कापसाचा भुरा आत यायचा आणि त्या उन्हात तरंगत राहायचा. खाली पडायची त्याला घाई नसे. भाऊ खुर्चीवर बसले की त्यांची नजर बहुतेक वेळा त्या भुऱ्याकडे असे. नवा माणूस आला की त्याला वाटायचं, अध्यक्षांना झोप लागली.

झोप नसायची. भाऊ थांबलेले असायचे.

हे समजायला सभेचा रिवाज थोडा सांगावा लागेल. लिपिक विषय वाचतो. एक सदस्य ठराव मांडतो, दुसरा त्याला अनुमोदन देतो. मग अध्यक्षांनी विचारायचं की विरोधात कोणी आहे का. कोणी नसलं तर ठराव सर्वानुमते मंजूर, आणि पुढचा विषय. भाऊंच्या आधी आमच्याकडे हे सगळं एका श्वासात व्हायचं. 'विरोधात कोणी नाही सर्वानुमते मंजूर' हे एकच वाक्य होतं. प्रश्न कुठे संपला आणि उत्तर कुठे सुरू झालं, ते कोणाला कळत नसे. तोवर चहा आलेला असे. ठराव तर आदल्या दिवशीच टाइप होऊन तयार असायचे.

भाऊंनी अध्यक्ष झाल्यावर पहिल्याच सभेत विचारलं, "विरोधात कोनी?" आणि ते गप्प झाले.

आम्हाला वाटलं, पुढचं विसरले. लिपिकाने हळूच सुचवलं, "सर्वानुमते, साहेब." भाऊंनी त्याच्याकडे पाहून मान हलवली, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. वर कबुतरं घुमत होती. कोणीतरी खोकलं. बबनराव, आमच्या पॅनेलचा सगळ्यात मोठ्या आवाजाचा सदस्य, खुर्चीत वळवळायला लागला. "भाऊ, चाय थंडी होऊन राहिली."

"होऊ दे."

विषय प्रवासी निवाऱ्याचा होता. कडुलिंबाखालचा जुना पत्र्याचा निवारा काढून चौकात नवा सिमेंटचा बांधायचा. सगळ्यांना पसंत होता. त्या शांततेत मागच्या रांगेत एक खुर्ची सरकली. सुलोचनाताई उठत होत्या.

सुलोचनाताई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, निवृत्त झाल्यावर बुद्धविहाराच्या बाजूच्या वॉर्डातून लागोपाठ दोनदा निवडून आल्या. त्यांचे गुडघे धरलेले. उठायचं म्हणजे आधी दोन्ही हात टेबलावर टेकवायचे, मग श्वास घ्यायचा, मग उभं राहायचं, मग पदर सारखा करायचा, आणि मग शब्द. आधीच्या अध्यक्षांच्या काळात त्यांचे हात टेबलावर टेकेपर्यंत ठराव मंजूर झालेला असे. त्या परत हात काढून घेत. मागची पाच वर्षं सभेत त्यांचा आवाज कोणी ऐकला नव्हता, आणि आम्ही समजत होतो की बाई गरीब स्वभावाची आहे.

त्या म्हणाल्या, "भाऊ, चौकात बस थांबतच नाही."

खरंच थांबत नव्हती. ड्रायव्हर कडुलिंबाखालीच थांबायचे, सावलीला. सगळ्यांना माहीत होतं.

"मंग आतालोक बोलल्या काहून नाही ताई?" बबनराव म्हणाला.

"इचारलं कोनी?"

"टाइम लई लावता पन तुमी."

"तू बी लावला होता बाहेर याले," सुलोचनाताई म्हणाल्या. "रातभर बसवलं होतं मले तुया मायजवळ. तुई नाळ म्या कापली, बबन. टाइमाचं मले शिकवू नको."

सभागृह हसून हसून लोळलं. बबनरावसुद्धा हसला. निवारा कडुलिंबाखालीच राहिला, फक्त पत्रे नवे घातले.

भाऊ अमरावतीला वकिली शिकले होते, पण काळा कोट त्यांनी कधी अंगावर चढवला नाही. काळ्या मातीत कापूस आणि तूर पेरली. उंच, पुढे किंचित वाकलेले, पांढरा पायजमा, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला सदरा, आणि चष्मा कपाळावर. वाचायचं असलं की ते चष्मा टेबलावर शोधायचे, आणि लिपिक म्हणायचा, "वर, साहेब." खिशात फुटाणे असत. सभा तापली की ते उठून भांडणाऱ्या दोघांच्या टेबलावर एकेक मूठ ठेवून परत जागेवर येत. फुटाणे चावत भांडणं अवघड असतं.

एकदा मी त्यांना म्हटलं की लोक हसतात, अध्यक्ष दर ठरावाला ध्यान लावतात म्हणून.

"चूप बसलेला मानूस हो म्हनत नाही, प्रभाकर," ते म्हणाले. "तो इचार करून राहते, नाहीतर भेऊन राहते. कोनतं ते कळाले टाइम लागते. तेवढा देऊन टाकाव."

ते मला वर्षातून एकदा तरी गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात घेऊन जायचे. प्रार्थना संपली की लोक लगेच उठत नसत. संध्याकाळ होत असायची, माणसांचे चेहरे दिसेनासे होत जायचे आणि पांढरे कपडे तेवढे उरायचे. भाऊ त्यात असे मिसळायचे की शेजारी बसलेले असूनही मला ते सापडत नसत. परत येताना अमरावतीला चहा प्यायचा, हे ठरलेलं. चहा पितानाही ते फारसं बोलत नसत. मला ती गप्प माणसं, तो अंधार, त्यांचं ते नाहीसं होणं हे सगळं आवडायचं, आणि थोडी भीतीही वाटायची. मी बोलका माणूस आहे.

भाऊ बोलायचे ते स्वप्नांबद्दल. त्यांना सभेची स्वप्नं पडत. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर आम्ही टिंगल केली असती, पण ते असं सांगायचे की जणू परवाच्या बाजाराची हकिकत.

त्यातलं एक मला शब्दशः आठवतं, कारण त्या स्वप्नाने एक सभा वाचवली. सभेला ठरावीक सदस्य हजर नसले तर गणपूर्ती होत नाही आणि सभा तहकूब करावी लागते. तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला मात्र गणपूर्ती लागत नाही. म्हणजे आधी सगळ्यांनी बाहेर थांबायचं, सभा तहकूब होऊ द्यायची, आणि मग चार जणांनी आत जाऊन पाहिजे ते मंजूर करायचं. ही युक्ती आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. त्या दिवशी पाणीपट्टीचा विषय होता. बबनराव आणि निम्मे सदस्य समोरच्या चहाच्या टपरीवर उभे राहिले. आत भाऊ, सुलोचनाताई, मी आणि तीनचार जण. भाऊंनी घड्याळ पाहिलं, उठले आणि सरळ टपरीवर गेले. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी चहा सांगितला.

"काल सपनात सभा भरली होती," ते बबनरावाला म्हणाले. "आपल्याच हॉलमंदी. पन छत नोहतं. वर नुसता कापूस उडून राहिला होता."

"मंग?"

"गनपूर्ती झाली होती. पन सारे मेलेले सदस्य. आपले जुने मेंबर दाजी होते, कोट घालून. तुया बाप होता, बबन. पयल्या रांगेत."

"माया बाप?" बबनरावाचा कप तसाच राहिला. "काय म्हने?"

"विषय एकच होता," भाऊ म्हणाले. चहाचे पैसे दिले आणि चालायला लागले. "लई मोठा विषय. दाजी बोलाले उठले..."

ते बोलत चालले होते आणि सगळी टपरी त्यांच्या मागे. रस्ता ओलांडला, पायऱ्या चढल्या. दारात भाऊ थांबले. "कोनता विषय, भाऊ?" कोणीतरी विचारलं.

"सांगतो. बसा तं पहिले."

सगळे बसले. भाऊंनी घंटी वाजवली. "गनपूर्ती झाली. विषय पहिला."

"अन् सपन?" बबनराव ओरडला.

"ते आयत्या वेळच्या विषयात घेऊ."

आणि घेतलं. सभा संपली, पाणीपट्टीवर पोटभर भांडण झालं, आणि मग भाऊंनी चष्मा कपाळावर चढवून सांगितलं. स्वप्नातल्या सभेपुढे विषय असा होता की गावात सकाळ किती वाजता करावी. दाजींचं म्हणणं, जरा उशिरा करा, बायकांना झोप भेटत नाही. बबनरावाच्या बापाचं म्हणणं, बैलांना विचारल्याशिवाय ठरवू नका.

"मंग काय ठरलं?"

"विरोधात कोनी, म्हनून म्या इचारलं, अन् थांबलो," भाऊ म्हणाले. "तं जाग आली."

आता पुढचं.

आमच्या गावाचा आठवडी बाजार गावाच्या मधोमध भरायचा, कडुलिंबांच्या मैदानावर. आजूबाजूच्या खेड्यांतल्या बाया भाजी घेऊन यायच्या, सुलोचनाताईंच्या वॉर्डातल्या बऱ्याच जणींचं घर त्यावर चालायचं. आमच्या पॅनेलने ठरवलं की बाजार बायपासच्या पलीकडे हलवायचा आणि मैदानावर दुकानांची इमारत बांधायची. भाऊंना ते पसंत नव्हतं, पण सभा ठरवेल ते ठरवेल, असं ते म्हणाले. सुलोचनाताईंना त्यांनी एक शब्द दिला: "तुमचं आयकल्याशिवाय या विषयावर मत होनार नाही."

त्याच सुमारास भाऊंची अध्यक्षपदाची अडीच वर्षं संपत आली होती. बबनराव माझ्या घरी आला. माझ्या बायकोच्या हातचा चहा प्यायला, तिची तारीफ केली आणि म्हणाला, "पुढची अडीच वर्षं तुमची, प्रभाकरभाऊ. आमी सारे तयार हाओत. पन बाजाराचा विषय भाऊ खुर्चीवर असताना होनार नाही. ते थांबून थांबून त्या बाईले उभं करतीन, अन् ती बोलली की निम्मे इकडचे तिकडे होतीन. तुमाले मालूम हाये."

मला माहीत होतं. आणि मला अध्यक्ष व्हायचं होतं. त्याला दुसरं कारण नाही. इतकी वर्षं मी शोधून पाहिलं, काही मोठं कारण सापडतं का. नाही सापडलं.

सभेच्या आदल्या दिवशी भाऊ अकोल्याला होते, मुलीच्या घरी नातवाचं बारसं. सभेच्या सकाळी परतीच्या गाडीने निघाले आणि गाडी मधेच कुठेतरी उभी राहिली. त्यांचा फोन आला. मागे गाडीतल्या लेकरांचा गोंगाट ऐकू येत होता.

"प्रभाकर, सभा टाइमावर सुरू कर. लोकाईले बसवू नको. बाजाराचा विषय तेवढा मी येईस्तोर ठेव. शेवटीच हाये तो."

"हो भाऊ."

"सुलोचनाबाईले बोलाचं हाये."

"हो भाऊ. या तुम्ही आरामात."

अध्यक्ष नसले की उपाध्यक्षाने खुर्चीवर बसायचं. सभेची मान्यता असली तर विषयांचा क्रम बदलता येतो. यातलं काहीही नियमाबाहेरचं नव्हतं. बबनरावाने क्रम बदलायची सूचना केली, आमच्या लोकांनी माना हलवल्या, आणि मी बाजाराचा विषय पहिला घेतला. लिपिकाने वाचला. सूचक झाला, अनुमोदक झाला. मी समोर पाहिलं.

सुलोचनाताईंचे दोन्ही हात टेबलावर होते.

मला ते हात आजही दिसतात. वरून ऊन पडलं होतं, बांगड्या मनगटावरून मागे सरकल्या होत्या. त्यांनी श्वास घेतला. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज मी ऐकला. त्या निम्म्या उठल्या होत्या.

"विरोधात कोणी नाही, सर्वानुमते मंजूर," मी म्हणालो.

एका श्वासात. जुन्या अध्यक्षांचं वाक्य माझ्या तोंडात इतकं तयार बसलं होतं, याचं मलाच नवल वाटलं. सुलोचनाताई तशाच वाकलेल्या राहिल्या. मग हात काढून घेतले आणि बसल्या.

भाऊ आले तेव्हा आम्ही रस्त्याच्या दिव्यांवर होतो. चेहऱ्यावर प्रवासाची धूळ, हातात बारशाच्या पेढ्यांचा डबा. मी उठायला लागलो तर त्यांनी हाताने 'बस' म्हटलं आणि सदस्यांच्या रांगेत बसून विचारलं, "बाजाराचा?"

"झाला, भाऊ. सर्वानुमते."

त्यांनी सुलोचनाताईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मी उठून राहिली होती, भाऊ."

सभा संपल्यावर बाहेर त्यांनी मला एवढंच विचारलं, "काय झालं रे?" मी म्हणालो, सदस्यांनी क्रम बदलायचा आग्रह धरला, माझा नाइलाज झाला. "पण मी थांबलो होतो भाऊ. तुमच्यासारखाच थांबलो होतो. कोणी बोललं नाही."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मंग ठीक हाये," म्हणाले. आणि मला पेढा दिला.

इथपर्यंत कदाचित निभावलं असतं. पण पुढच्या सभेत पहिला विषय नेहमीचा होता: मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. म्हणजे गेल्या वेळी जे झालं ते बरोबर लिहिलं आहे ना, एवढं पाहायचं. एकदा कायम झालं की तेच खरं. भाऊ खुर्चीवर होते. लिपिकाने वाचलं. सुलोचनाताईंचे हात टेबलावर आले. भाऊ थांबले, त्या उभ्या राहिल्या, पदर सारखा केला.

"बाजाराच्या ठरावात सर्वानुमते लिहेल हाये. ते बरोबर नाही. मी इरोधात बोलाले उठून राहिली होती. मले टाइम भेटला नाही."

"इतिवृत्तावर चर्चा होत नाही, भाऊ," बबनराव म्हणाला. "चुकीचं काही लिहेल असन तं तेवढंच सांगाव लागते."

"त्या तेच सांगून राहिल्या," भाऊ म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "प्रभाकर, खुर्चीवर तू होता. तू थांबला होता?"

त्यांनी माझ्यासाठीही वेळ दिला. कबुतरं घुमत होती. भुरा उन्हात तरंगत होता, वर जात होता, खाली येत होता, आणि मला क्षणभर असं वाटलं की आपण भाऊंच्याच कुठल्यातरी स्वप्नात बसलो आहोत आणि आता जाग येईल.

"हो भाऊ," मी म्हणालो. "थांबलो होतो."

"पुरेसा?"

"पुरेसा."

"अजून कोनाले काही सांगाचं हाये?"

ते पुन्हा थांबले. इतके मी त्यांना कधी थांबलेलं पाहिलं नव्हतं. त्या सभागृहातल्या प्रत्येकाने तो दिवस पाहिला होता. त्या उठत होत्या हे सगळ्यांना दिसलं होतं. लिपिक टाचणीने नख कोरत होता. बबनराव टेबलाकडे पाहत होता. कोणी बोललं नाही.

"प्रभाकर खोटं बोलत नाही, ताई," भाऊ म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "तुमचा काहीतरी गैरसमज झाला असन. इतिवृत्त कायम."

सुलोचनाताई उभ्याच होत्या. "बरं," म्हणाल्या. "मंग मी खोटी. बरं, अध्यक्षसाहेब."

त्याआधी त्या त्यांना नेहमी भाऊ म्हणत. त्यानंतर कधी म्हटलं नाही, आणि सभेत कधी उठल्याही नाहीत. प्रत्येक सभेला येत, मागच्या रांगेत बसत, हात मांडीवर. भाऊ प्रत्येक ठरावाला विचारत, "विरोधात कोनी?" आणि मागच्या रांगेकडे पाहत राहत. चहा खरोखर थंड व्हायचा. नंतर मुदत संपली आणि मी अध्यक्ष झालो. कडुलिंब तुटले, दुकानं झाली. बाजारातल्या बाया एक दिवस भाऊंच्या दारात गेल्या होत्या. त्यांना त्यांनी काय सांगितलं ते मला त्यातल्याच एकीने सांगितलं: "सभेनं केलं, माय. बोलाची संधी सर्वाईले भेटली होती." या वाक्यावर गावात त्यांचं नाव कमी झालं. माझं नाही झालं. मला लोक हुशार म्हणू लागले.

इतिवृत्तात आजही सर्वानुमते आहे.

भाऊंच्या पत्नी गेल्या आणि ते अकोल्याला मुलीकडे राहायला गेले. मी जायचं ठरवायचो आणि राहून जायचं. एका हिवाळ्यात त्यांच्या मुलीचा, कल्पनाचा, फोन आला: बाबांची तब्येत बरी नसते, तुमची आठवण काढतात. मी सकाळची बस धरली. रस्ताभर मी एक वाक्य जुळवत होतो. शब्द बदलले, मागेपुढे केले. मूर्तिजापूर येईपर्यंत ते तयार झालं होतं.

भाऊ गच्चीवर उन्हात बसले होते. पुढ्यात तुरीच्या ओल्या शेंगांचा ढीग, बाजूला पातेलं. फार वाळले होते. सदऱ्याची कॉलर मानेपासून लांब उभी राहिली होती. मला पाहून हसले. "ये. सोले सोल. रिकामा नको बसू."

मी समोर बसून शेंगा सोलायला लागलो. खाली रस्त्यावर कोणी गादीवाला कापूस पिंजत होता, त्याच्या तारेचा तुणतुण आवाज गच्चीपर्यंत येत होता. भाऊ मधेच डोळे मिटायचे आणि त्यांची बोटं शेंगेतून दाणे काढतच राहायची. पातेल्याचा तळ झाकला गेला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते म्हणाले, "सुलोचनाबाई गेल्या. मालूम हाये तुले?"

"हो भाऊ."

"मी गेलो होतो. तिच्या पोरानं पानी इचारलं, बसाले खुर्ची देली. म्हने, आई तुमचं नाव नोहती घेत." त्यांनी एक शेंग हातात धरून ठेवली. "मी लई इचार केला, प्रभाकर. त्या बाईनं खोटं काहून बोललं असन? खोटं बोलनारी बाई नोहती ती."

आता बोलायचं होतं. वाक्य तयार होतं.

"मंग मले एक दिवस समजलं," भाऊ म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेले होते. "तिचे गुडघे दुखत. ती मनातच उठली असन. आपन सपनात उठतो ना, दार उघडतो, चालतो, अन् असतो खाटेवरच. तसं झालं असन तिले. तिले खरंच वाटलं असन का आपन उठलो. म्हनजे ती बी खरी, अन् तू बी खरा. म्या मातर तिले सर्वाईसमोर खोटं पाडलं. ते चुकलंच मायं."

पातेल्यातले हिरवे दाणे उन्हात चमकत होते.

"जाऊ द्या भाऊ," मी म्हणालो. "जुनं झालं."

दुपारी जेवलो. बारशाचा तो नातू आता मोठा झाला होता, त्याने मला त्याची सायकल दाखवली. निघताना भाऊंनी त्या हिरव्या सोल्यांची पिशवी माझ्या हातात दिली. "घरी दे. पातळ आळन करा म्हना भाकरीसंगं, चांगले कोवळे हायेत." कल्पना नको म्हणत असताना ते जिना उतरून फाटकापर्यंत आले. रिक्षा सुरू झाली. मी मागे वळून पाहिलं तेव्हा ते फाटकाची दांडी धरून उभे होते, सदऱ्यावर तुरीची सालं चिकटलेली, चष्मा कपाळावर. एवढ्या लांबून मी दिसत नसणारच त्यांना. तरी हात वर होता. त्यांना मी पाहिलं ते शेवटचं.

बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. बाहेर कापूस वेचून झालेली पऱ्हाटी, मधे एखादं बोंड राहून गेलेलं. ऊन उतरत होतं. पिशवी मांडीवर होती, आणि मी खिडकीकडे तोंड करून ते वाक्य म्हटलं. पहिल्यांदा मोठ्याने. "भाऊ, त्या खरंच उठत होत्या. मी पाहिलं होतं. मी थांबलो नाही. मला माफ करा."

शेजारच्या पोराने कानातली वायर काढली. "मले काही म्हनलं का, काका?"

"नाही," मी म्हणालो.